बडोद्यात घर, कोकणात नौका: वादळाच्या हंगामात शिडाची नौका सांभाळण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची नौका २८ फुटी, फायबरची, तीन कुटुंबांच्या मालकीची. ती असते रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत आणि आम्ही तिघंही असतो बडोद्यात: एक घर दांडिया बाजारात, एक प्रतापनगरला, एक मांजलपूरला. मध्ये जवळजवळ पाचशे किलोमीटर. एप्रिल उजाडला की ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या मराठी नौकामालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

किनाऱ्यावर राहणारा मालक वादळाच्या आदल्या दिवशी जाऊन दोर वाढवू शकतो. आपण नाही. त्यामुळे नौका मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच अशी ठेवायची, की पुढे पाच महिने तिला आपली गरज लागू नये. खालची जवळपास सगळी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

समुद्र तर जंबुसरच्या पलीकडेच आहे. मग नौका खंबातच्या आखातात का नाही ठेवायची?

कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. भरतीला देऊळ पाण्याखाली जातं, ओहोटीला दर्शन होतं. भाविकांसाठी तो चमत्कार, नौकेसाठी तोच धोका. आखाताच्या वरच्या भागात, भावनगरच्या बाजूला, उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. तीन मजली घराइतकं पाणी सहा तासांत चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं. प्रवाह जबर आणि खाली नुसता गाळ. कील, म्हणजे पोटाखाली उतरलेला जड उभा कणा, असलेली नौका तिथे दर ओहोटीला कुशीवर पडेल, आणि हे झालं वादळाशिवायचं.

आजव्याच्या तलावाबद्दलही विचारतात. ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे, तिथे मोठ्या नौकेचा विचारच नको.

वादळाचा हंगाम नक्की कधी?

अरबी समुद्रात हंगाम दोन. पहिला मे-जूनमध्ये, पाऊस पोचण्याच्या आधी आणि पोचताना. दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर, पाऊस परतल्यावर. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असतो, पण चक्रीवादळं क्वचितच होतात. त्या काळात खाली पश्चिमेचा आणि वर पूर्वेचा असे उलटे वारे इतक्या जोरात वाहतात, की वादळाचा उभा खांब तयार होता होताच मोडतो.

तारखा मनात पक्क्या असू द्या. निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला आलं. तौक्ते १७ मे २०२१ च्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं. बिपरजॉय १५ जून २०२३ ला कच्छमध्ये जखाऊजवळ. दुसऱ्या हंगामात २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान कोकणातला मच्छीमार अजून विसरलेला नाही, आणि २०१७ च्या डिसेंबरात ओखी आलं.

आणि अपवाद आपल्याच दारात होऊन गेला आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या. तो पाऊस पाडणारी हवेची प्रणाली गुजरात ओलांडून कच्छमार्गे समुद्रात उतरली आणि ३० ऑगस्टला तिचं असना चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ होण्याची वेळ १९७६ नंतर पहिल्यांदाच आली होती. जुलै-ऑगस्टमध्ये वादळ होत नाही असं मी आता कोणालाही सांगत नाही.

हवामान खात्याचा इशारा आल्यावर बडोद्याहून निघालो तर पोचू ना?

पोचाल. पण पोचून काय करणार, हे आधी ठरवा.

हवामान खातं टप्प्याटप्प्याने सांगतं. पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, सावधानतेचा इशारा ४८ तास आधी, धोक्याचा इशारा २४ तास आधी. कागदावर तीन दिवस दिसतात. आता आपला हिशोब मांडा. पहिल्या दिवशी वादळ ओमानकडे वळेल असं वाटत असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दिशा पक्की होते, तुम्ही रजा काढता, रात्रीची गाडी पकडता. सकाळी मुंबई. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागलेला असल्यामुळे गेटवेहून मांडव्याची लाँच बंद, म्हणजे पनवेल-वडखळ असा रस्ता. खाडीवर पोचेपर्यंत दुपार होते आणि तिथे एक क्रेन आणि वीस मालक असतात.

निसर्गच्या वेळी १ जूनला कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला चक्रीवादळ झालं, ३ जूनला ते जमिनीवर होतं. त्यात लॉकडाऊन. आम्ही तिघं बडोद्यात घरात बसून फोनवर नकाशा बघत होतो. नौका वाचली, कारण ती २० मार्चच्या आधीच, दुसऱ्याच एका कामासाठी, जमिनीवर घेतलेली होती. त्यात आमची हुशारी काही नव्हती. त्या वर्षीपासून मात्र तारीख ठरवून टाकली: अक्षय तृतीयेनंतरच्या आठवड्यात नौका वर.

पाण्यात ठेवावी की जमिनीवर घ्यावी?

आपल्यासारख्या लांब राहणाऱ्यांनी जमिनीवर. यावर मी वाद घालत नाही.

कोकणातला मच्छीमारही तेच करतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी समुद्राकडे बघत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा शहाणपणा आहे. आपल्या नौकेला कील आणि डोलकाठी असल्यामुळे ती वर घेणं महाग पडतं, एवढाच काय तो फरक.

क्रेनचा खर्च जास्त वाटत असेल तर वाऱ्याचं गणित बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. नौकाबांधणीच्या अमेरिकी मानकांच्या तक्त्यात ३० फुटी नौकेवर ३० नॉटच्या (ताशी सुमारे ५५ किलोमीटरच्या) वाऱ्यात नांगरावर येणारा ओढा ७०० पाउंड, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आत धरतात. त्याच हिशोबाने ६० नॉटला तो साडेबाराशे किलोच्या पुढे जातो, आणि हवामान खात्याच्या भाषेत ६० नॉट म्हणजे अजून 'अति तीव्र'सुद्धा नाही. ती पायरी ६४ नॉटपासून, ताशी ११८ किलोमीटरपासून सुरू होते. हा सगळा ओढा एका दोरावर, एका शॅकलवर (जोडकडीवर), डेकवर दोर बांधायच्या एका क्लीटवर, तासन्‌तास, झटक्या-झटक्याने. तौक्तेत मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ बार्ज नांगर सुटून भरकटला आणि बुडाला, सत्तरहून जास्त माणसं गेली. तिथे आपल्या बोटाएवढ्या साखळीचा काय पाड?

यार्ड, म्हणजे नौका जमिनीवर ठेवायची जागा, निवडताना काय पाहायचं?

आधी उंची. वादळात वारा समुद्राचं पाणी किनाऱ्यावर रेटतो, आणि त्याच वेळी उधाण असेल तर दोन्ही एकावर एक चढतात. निसर्ग वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी आलं होतं हे लक्षात ठेवा. यार्डात उभं राहून विचारा, 'सगळ्यात मोठ्या उधाणाला पाणी कुठपर्यंत येतं?' उत्तर यार्डाच्या मालकाला विचारू नका, शेजारच्या घरातल्या आजीबाईंना विचारा. त्या रेषेपासून दोन-तीन मीटर तरी उंच जागा हवी. नाहीतर नौका टेकूंवरून तरंगून उठते आणि पाणी उतरताना कुंपणावर बसते.

मग जमीन. जांभा उन्हात दगडासारखा असतो, पण वर टाकलेली भरावाची लाल माती पहिल्या आठवड्यात लोण्यासारखी होते. काँक्रीट असेल तर दोन पैसे जास्त द्या.

शेजारी कोण आहे तेही पाहा. बाजूच्या नौकेचं शीड डोलकाठीवर तसंच गुंडाळलेलं असेल, तिचे टेकू वाकडे असतील, तर ती तुमच्या अंगावर पडणार आहे. नारळाच्या झाडाखाली तर नौका कधीच ठेवू नका.

टेकू कसे लावायचे? यार्डवाले 'सगळं करतो' म्हणतात.

करतात, पण तुम्ही तिथे उभे राहा. या एका दिवसासाठी रजा राखून ठेवा.

नौकेचं वजन कीलवर घ्यायचं असतं, टेकूंवर नाही. कीलखाली आडव्या जाड लाकडी ओंडक्यांचा भक्कम थर, आणि दोन्ही बाजूंचे लोखंडी टेकू फक्त तोल धरायला. २८-३० फुटी नौकेला प्रत्येक बाजूला तीन आणि पुढे नाळेखाली (पुढच्या टोकाखाली) एक, हे मी किमान धरतो. टेकूचं डोकं आतल्या आडव्या भिंतीच्या रेषेत यायला हवं, नाहीतर फायबर आत दबतं. आतून हाताने ठोकून बघा: भरीव आवाज येतो तिथे टेकू, पोकळ येतो तिथे नको.

समोरासमोरचे टेकू कीलच्या खालून साखळीने एकमेकांना बांधायचे. ही साखळी नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. वाऱ्याने नौका थरथरते, प्रत्येक थरथरीत टेकू केसभर बाहेर सरकतो. साखळी असली तर सरकत नाही. प्रत्येक टेकूच्या पायाखाली १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा तुकडा, हातभर लांब-रुंद.

एका जुलैत आमच्या राखणदाराने नेहमीप्रमाणे रविवारी फोटो पाठवले. दांडिया बाजारात घरी बसून मी ते मोठे करून पाहत होतो. मागच्या बाजूच्या फोटोत सुकाणूची कड आणि मागच्या भिंतीची कड समांतर दिसेनात. डाव्या बाजूचा मधला टेकू चार बोटं जमिनीत गेला होता, भोवती गंजाच्या रंगाचं पाणी साचलं होतं, आणि त्याचं डोकं फिरून नौकेच्या पोटावर चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटला होता. खाली प्लाय नव्हता. साखळीही नव्हती. आम्ही मे महिन्यात बांधलेली साखळी यार्डातल्या कोणीतरी दुसऱ्या नौकेसाठी काढून नेली होती. त्याच रात्री निघालो. अलिबागचा माझा मेहुणा सोबत आला आणि भर पावसात, एका वेळी एकच टेकू सैल करत, आम्ही पुन्हा सगळं बसवलं. पाच तास लागले. वारा तेव्हा वीस नॉटसुद्धा नव्हता; वादळ आलं असतं तर नौका आडवी होऊन शेजारच्या दोन नौका घेऊन गेली असती.

तेव्हापासून टेकू आमचे स्वतःचे आहेत. मकरपुरा जीआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये जाड पाइपचे बनवून घेतले, नौकेचं नाव वेल्डिंगनेच उठवलं, साखळीला कुलूप घातलं. टेम्पोने नेले. पाच हंगाम झाले, एकही सरकलेला नाही.

नुसते टेकू पुरतात, की नौका जमिनीला बांधायची?

बांधायचीच. काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले लोखंडी कडे असतील तर उत्तम. नसतील तर काँक्रीटचे मोठे ठोकळे. नौकेच्या पुढच्या-मागच्या मजबूत क्लीटपासून ट्रक बांधतात तसले रॅचेटचे पट्टे दोन्ही बाजूंना खाली ओढायचे. पट्टे पॉलिएस्टरचे घ्या, नायलॉनचे नकोत. नायलॉन ताणून लांबतो, आणि इथे आपल्याला लांबणं नकोच आहे. नौका हलली की टेकू निघतो.

चारी बाजूंनी बांधा. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं, त्यामुळे ते पुढे सरकतं तसा एकाच जागेवर वारा दिशा बदलत जातो. सकाळी पूर्वेचा असेल तो संध्याकाळी दक्षिणेचा असतो. वादळाच्या वाटचालीच्या उजव्या हाताला जोर जास्त असतो, कारण तिथे फिरण्याचा आणि पुढे जाण्याचा वेग मिळून येतो. निसर्गने श्रीवर्धन-मुरुडकडे झोडपलं आणि डाव्या हाताला असलेली मुंबई त्या मानाने सुटली, ती यामुळेच.

डोलकाठी उतरवायची का?

क्रेन आलेलीच आहे, तेव्हा उतरवा. उभी डोलकाठी, तारा, दोर मिळून वाऱ्याला मोठी पकड देतात, आणि ती पकड उंचावर असल्यामुळे नौका उलथवायला तेवढीच पुरते. आडवी असताना तारांची टोकं, जोड, वरचे दिवे जमिनीवर बसून निवांत तपासता येतात. उतरवणं परवडत नसेल तर निदान सगळ्या हॅलयार्ड (शीड वर चढवायचे दोर) काढून त्यांच्या जागी बारीक सुतळी ओवून ठेवा. दोर रात्रभर डोलकाठीवर आपटतात त्याने रंगही जातो आणि शेजाऱ्यांची झोपही.

डेकवरून काय काय काढायचं?

वाऱ्याला धरता येईल ते सगळं. फर्लरवर (शीड गुंडाळायच्या फिरत्या नळीवर) गुंडाळलेलं पुढचं शीड सगळ्यात आधी. 'घट्ट गुंडाळलंय, वर दोर मारलाय' असं म्हणणाऱ्या सगळ्यांना मी हात जोडून सांगतो, काढा. वारा त्या गुंडाळीत बोटभर फट शोधतो, ती हातभर होते, आणि मग ते कापड तोफेसारखं वाजायला लागतं. एकदा सुटलं की डोलकाठी, टेकू, नौका सगळं हादरवून टाकतं. मोठं शीड, बूम (त्याची आडवी काठी), बिमिनी आणि स्प्रेहूड ही कापडी छपरं, सोलर पॅनल, पवनचक्कीची पाती, लाइफबोया, मागची शेगडी, सगळं आत किंवा घरी. गॅसचा सिलिंडर नौकेत ठेवू नका.

शिडं आम्ही बडोद्याला आणतो. गोड्या पाण्याने धुऊन, गच्चीवर सावलीत वाळवून, माळ्यावर. उंदरांपासून जपा.

वरून ताडपत्री टाकली तर?

इथे मन द्विधा होतं. पावसासाठी हवी, वादळासाठी नको. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. उघडी नौका हिरवी होते. पण ढिली ताडपत्री म्हणजे दुसरं शीड.

आम्ही मधला मार्ग काढला. पूर्ण नौकेवर काही नाही. फक्त कॉकपिट (मागची उघडी बसायची जागा) आणि हॅचेसवर (डेकवरच्या झडपांवर) मापाचे, घट्ट, कॅनव्हासचे झाकण. आणि एक नियम डोक्यात कोरून ठेवा: ताडपत्रीचा दोर टेकूला कधीही बांधायचा नाही. ती फडफडते, टेकू ओढते, टेकू निसटतो. जमिनीवरच्या नौका पडण्यामागे हे अगदी साधं कारण असू शकतं. दोर नौकेखालून आरपार घ्या.

आत पाणी साचतं, बुरशी येते. काय करावं?

कॉकपिटच्या मोऱ्या आधी पाहा. दोन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर खोल कॉकपिट भरला की जवळजवळ अर्धा टन पाणी होतं, आणि ते सगळं नौकेच्या मागच्या टोकाला. मोरी बंद व्हायला पिंपळाचं एक पान पुरतं. राखणदाराच्या कामांत ही पहिली.

नौका जमिनीवर असेल तर तळाचा बूच काढून ठेवा, किंवा सगळ्यात खालचा एक सी-कॉक (पोटातून आरपार जाणारा नळ) उघडा ठेवून बाहेरून उंदरांसाठी जाळी लावा. आत आलेलं पाणी आपोआप गेलं पाहिजे. बिल्ज (तळाचा खळगा) उपसणाऱ्या पंपाच्या भरवशावर राहू नका. बॅटरी चार दिवसांत बसते. बॅटरी पूर्ण चार्ज करून सोडवा, जमलं तर बाहेर काढून कोरड्या जागी ठेवा.

बुरशीसाठी हवा खेळती हवी. गाद्या उभ्या करा, कपाटांची आणि फ्रिजची दारं उघडी राहतील अशी बांधा, फळ्या उचलून ठेवा. सगळं आतलं लाकूड व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्या. माझी आई गव्हाच्या कोठीत घालायची तसा कडुलिंबाचा वाळलेला पाला मी कपाटांत ठेवतो. झुरळं, कीड कमी होते हा अनुभव आहे. डिझेलची टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी होतं. इंजिनात गोडं पाणी फिरवून तेल बदला. पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी करा.

काही कारणाने पाण्यातच ठेवावी लागली तर?

मग खाडीत जितकं आत जाता येईल तितकं जा. चारी बाजूंनी जमीन, तळाला चांगला चिकट चिखल, काठाला तिवरांची दाटी. तिवरं लाटेचा जोर खातात. पण त्यांच्या फांद्यांना दोर बांधून ती मोडू नका, कापायला तर कायद्याने बंदी आहे.

मूरिंग, म्हणजे तळाशी ठोकळा आणि त्याला साखळी असलेला कायमचा बांध, स्वतः पाणबुड्याकडून तपासून घ्या. खालचा ठोकळा, साखळीच्या कड्यांची झीज, शॅकलच्या खिळ्याला तार बांधली आहे की नाही. नांगरावर असाल तर साखळी-दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या दहापट. खोली मोजताना भरती आणि वादळाचं चढलेलं पाणी दोन्ही धरा, आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची उंचीही.

दोर ताणाने क्वचित तुटतो, घासून तुटतो. जिथे तो नौकेच्या कडेवरून वळतो तिथे त्याला कपडा हवा. नळाचा प्लास्टिक पाइप चढवतात ते चूक. ताण-ढील होताना नायलॉन आतून गरम होतो, प्लास्टिकमध्ये ती उष्णता कोंडते आणि दोर आतून वितळतो. अग्निशमनाचा जुना कॅनव्हासचा होज वापरा, भंगारात मिळतो. त्यातून पावसाचं पाणी झिरपतं, दोर थंड राहतो. प्रत्येक दोर दुहेरी, आणि दुसरा दोर पहिल्यापेक्षा हातभर ढिला, म्हणजे पहिला तुटल्यावरच त्याच्यावर ताण येईल.

तरंगत्या धक्क्याला बांधली असेल तर खांबांची उंची पाहा. पाणी खांबांच्या वर गेलं की धक्काच नौकांसकट निघतो.

दक्षिणेला नेणं हाही पर्याय आहे. कोचीला बोलगट्टी बेटावर मरिना (नौका बांधून ठेवायचा धक्का) आहे, आणि त्या अक्षांशावर वादळांचा थेट फटका कमी बसतो. वेळ आणि खलाशी असलेल्यांनी विचार करावा.

दसऱ्याला नौका पाण्यात सोडली तर चालेल ना?

सोडा, पण तयारी मोडू नका. पाऊस संपला की मन समुद्राकडे धावतं, आणि दुसरा हंगाम तेव्हाच सुरू झालेला असतो. २०१७ मध्ये आम्ही दिवाळीनंतर नौका सोडली, शिडं चढवली, दोन सुंदर रविवार मिळाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओखी आलं. ५ डिसेंबरला मुंबईतल्या शाळा बंद होत्या. नौका मूरिंगवर, सगळी शिडं वर, आणि आम्ही इकडे.

आता दुसऱ्या हंगामात बडोद्याला परतताना पुढचं शीड उतरवूनच निघतो, सलग सुटी असली तरी. चाळीस मिनिटांचं काम आहे. दुहेरी दोर आणि त्यांचे कपडे डिसेंबर संपेपर्यंत तसेच राहतात.

राखणदाराला वादळात काय काम सांगायचं?

काहीही नाही. हे उत्तर मला सगळ्यात महाग पडलं आहे.

त्याच ओखीच्या वेळी मी राखणदाराला फोन करून म्हटलं, 'जरा जाऊन शीड बघून येता का?' तो माणूस 'हो साहेब' म्हणाला आणि लहान होडी घेऊन गेला. पुढे दोन तास त्याचा फोन लागेना. त्याच्या घरून त्याच्या बायकोने मला फोन केला, 'हे कुठे गेलेत?' मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तो भिजून, हात सोलवटून, सुखरूप आला, शीडही बांधून आला. मी त्याची माफी मागितली आणि पुन्हा असं कधी सांगितलं नाही. तौक्तेच्या वेळी त्याने स्वतःहून विचारलं, 'जाऊ का बघायला?' मी म्हटलं, 'दादा, घराबाहेर पडू नका. नौका गेली तर गेली.'

लांबच्या मालकाच्या 'जरा' या शब्दात दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. तुम्ही पोचला असाल तरी तुम्हीही नौकेवर राहायचं नाही. ६० नॉटच्या वाऱ्यात डेकवर उभंही राहता येत नाही, तिथे कोण काय वाचवणार?

राखणदाराचं काम वादळाच्या आधी आणि नंतर. दर रविवारी ठरलेले सहा फोटो: दोन्ही बाजूंचे टेकू, साखळी, मागून पूर्ण नौका, कॉकपिटची मोरी, बिल्ज. दरवेळी त्याच जागेवरून, म्हणजे फरक लगेच दिसतो. त्याचा पगार बाराही महिने द्या आणि पावसाळ्यात थोडा जास्त.

विम्याचं काय?

पॉलिसी एप्रिलमध्ये पूर्ण वाचा. बऱ्याच नौका-पॉलिसींत ठराविक महिने नौका वापराबाहेर ठेवण्याची अट असते. त्या काळात ती पाण्यात सापडली तर दावा अडतो. नौका जमिनीवर घेताना आणि डोलकाठी उतरवतानाची भरपाई कोणाची, हेही विचारा. टेकू, पट्टे, रिकामं डेक यांचे तारखेसह फोटो आणि यार्डाच्या पावत्या जपून ठेवा.

माझी नौका लहान आहे. ट्रेलरवर घालून बडोद्यातच आणली तर?

वीस फुटांपर्यंतची, कील वर उचलता येणारी नौका असेल तर याहून चांगलं काही नाही. रस्त्यावर वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत लागते, त्यात ती बसते. डोलकाठी ट्रेलरवर आडवी बांधताना उड्डाणपुलांचा आणि तारांचा अंदाज घ्या, आणि पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्याच्या (रेल्वेखालच्या रस्त्याच्या) वाटेला जाऊ नका.

इथे धोका वाऱ्याचा कमी, तरी तौक्तेच्या वेळी बडोद्यातही झाडं पडलीच होती. खरा धोका विश्वामित्रीचा. नदीकाठच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत ट्रेलर उभा केलात तर पुरात नौका ट्रेलरसकट तरंगत निघेल. २०२४ ला पाणी कुठपर्यंत आलं ते तुमच्या वॉचमनला ठाऊक आहे. त्याच्या वर ठेवा, टायरमधली हवा काढा, चाकांना दगड लावा, ट्रेलर जमिनीला बांधा, बूच काढा.

वादळ गेल्यावर पहिलं काय करायचं?

रस्ते उघडेपर्यंत थांबा. गावात आधी माणसांची घरं सावरायची असतात, आपल्या नौकेसाठी क्रेनवाल्याच्या मागे लागू नका. पोचल्यावर थेट शिडी लावून वर चढू नका. आधी भोवती एक फेरी मारा. प्रत्येक टेकूची चक्री हाताने फिरवून पाहा, सैल असेल तो घट्ट करा, ओंडक्यांत भेग आहे का ते पाहा. कीलच्या मुळाशी, जिथे ती पोटाला जोडते, तिथे नवी चीर दिसली तर फोटो काढा आणि नौका सोडण्याआधी जाणकाराला दाखवा. बाजूला वीजवाहक तार पडलेली नाही ना, तेही पाहा.

मग वर जा. बिल्जमधलं पाणी चाखून बघा: गोडं असेल तर वरून पाऊस आला आहे, खारं असेल तर समुद्र आत येऊन गेला आहे, आणि मग इंजिन सुरू करायचं नाही.